कोणत्या तोंडाने प्रार्थना करू, या प्रश्नाचे उत्तर

भाऊ, जय ख्रिस्त.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. आपण जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला आहात. अकरा वर्षांपूर्वी आपण बाप्तिस्मा घेतला आणि त्याच सुमारास दारू सोडली. गेल्या वर्षी वडील गेल्यावर ती पुन्हा सुरू झाली. तरुण संघाने नाताळच्या कार्यक्रमासाठी जमवलेले 18,500 रुपये आपल्याकडे ठेवायला दिले होते, ते त्यातच खर्च झाले, आणि हे अजून कोणाला ठाऊक नाही. "पुन्हा पिणार नाही" असे वचन आपण देवाला चार वेळा दिले आणि चारही वेळा मोडले. आता पाचव्यांदा ते द्यायला जीभ उचलत नाही. देव विश्वासू आहे असे आपण मंडळीत (चर्चमध्ये) गातो, पण मीच विश्वासू राहिलो नाही तर त्याने माझ्याशी विश्वासू का राहावे, आणि मी कोणत्या तोंडाने प्रार्थना करू, असे आपण विचारले आहे. येत्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, आहे, त्यात भाग घ्यावा की नाही, हेही विचारले आहे.

माझ्याविषयी एवढेच सांगतो, की मी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील लहान मंडळ्यांमध्ये 29 वर्षे पाळक म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. सेमिनरीतील प्राध्यापक आपल्याला माझ्यापेक्षा नेटके उत्तर देतील. माझे शिक्षण झाले ते घरभेटींत, सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकांवर, आणि रात्री उशिरा कडी वाजवून "साहेब, जागे आहात का?" असे विचारणाऱ्या माणसांसमोर बसून. त्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न, शब्द वेगळे असले तरी, आपलाच असे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. आपण रोज पिता की अधूनमधून, घरी कोण आहे, आपले पाळक ऐकून घेणारे आहेत की ऐकलेले पसरवणारे, हे मला माहीत नाही. तेव्हा दारू, पैसे आणि मंडळी यांविषयी मी जे लिहीन ते आपल्या परिस्थितीशी ताडून घ्यावे. देवाच्या विश्वासूपणाविषयी जे लिहीन, ते मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून नाही, आणि माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे.

वरवर पाहता आपण देवाविषयी विचारत आहात, पण खरा प्रश्न आपल्या वचनाविषयी आहे. आपल्या मनात एक हिशेब पक्का बसला आहे: मी वचन द्यायचे, मी ते पाळायचे, आणि त्याच्या मोबदल्यात देवाने माझ्याशी विश्वासू राहायचे. हा हिशेब आपल्याला रोजच्या कामातून परिचयाचा आहे. कापसाची गाडी काट्यावर येते, भरल्या गाडीचे वजन होते, माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचे होते, आणि जो फरक निघेल त्याचेच पैसे मिळतात. रात्री आपण स्वतःला त्याच काट्यावर चढवता आणि दर वेळी माल कमी भरतो. मग उपाय म्हणून आपण पहिल्यापेक्षा कडक वचन देता. मी स्वतः कित्येक वर्षे लोकांकडून अशी वचने घेतली. प्रार्थना सभेत उभे करून घेतली, हात वर करायला लावून घेतली, एकदा तर कागदावर सहीसुद्धा घेतली. ती माझी चूक होती, असे आज मी स्पष्ट म्हणतो. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेलाच बरा, असे बायबलमधील उपदेशक या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात लिहिले आहे, आणि तो अध्याय मी फार उशिरा गांभीर्याने वाचला.

वचन देणाऱ्यांत सर्वांत पुढे येशूचा शिष्य पेत्र होता. बाकी सारे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे तो म्हणाला. आणि मत्तय सांगतो की इतर सर्व शिष्यांनीही तेच म्हटले. ही गोष्ट आपण नेहमी पेत्राच्या बाजूने वाचतो. लूकच्या 22 व्या अध्यायातील 31 वे आणि 32 वे वचन एकदा येशूच्या बाजूने वाचून पाहावे. सैतानाने "तुम्हांला" गव्हासारखे चाळण्याची मागणी केली आहे, असे तो म्हणतो, आणि लगेच पुढे "तुझा" विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, असे म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये पहिला शब्द अनेकवचनी आणि दुसरा एकवचनी आहे, आणि आपल्या मराठी भाषांतरात तो फरक जसाच्या तसा उतरला आहे. चाळणी सर्वांना लागणार होती. प्रार्थना मात्र नाव घेऊन एकासाठी झाली होती. शिवाय ती कोंबडा आरवण्यापूर्वी, म्हणजे येशूच्या अटकेनंतर पेत्राने त्याला तीनदा नाकारले त्याच्याही आधी, झाली होती. पेत्राने नाकारले, मग तो रडला, मग येशूला दया आली आणि मग त्याने प्रार्थना केली, असा क्रम तेथे नाही. पेत्र आपले मोठे वचन देण्यापूर्वीच येशूला त्याचा शेवट ठाऊक होता, आणि तरी त्याचे पुढचे शब्द होते "तू वळलास म्हणजे". "वळलास तर" असे तो म्हणाला नाही.

आता योहानाच्या शुभवर्तमानात पाहा. तूही त्याच्या शिष्यांपैकी आहेस ना, असे विचारल्यावर पेत्र ज्या विस्तवाशी शेकत उभा राहून "मी नाही" असे म्हणाला, त्या कोळशांच्या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा 18 व्या अध्यायात, त्या अंगणात. आणि दुसऱ्यांदा 21 व्या अध्यायात, तलावाच्या काठी, जेथे पुनरुत्थित येशूने विस्तव पेटवून त्यावर मासे ठेवले होते. आपल्याकडे हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजतात, तो धुराचा वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही. आपण त्या बाजूचेच आहात, म्हणून वासाबरोबर आठवण कशी उठते हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको. पेत्राला त्या सकाळी काय आठवले असेल, हे योहान लिहीत नाही. येशूने काय विचारले, ते मात्र तो लिहितो, आणि येशूने काय विचारले नाही याकडे माझे लक्ष एका अंत्यविधीहून परतताना बसमध्ये वाचत असताना गेले. "पुन्हा असे करणार नाहीस ना?" हा प्रश्न तेथे नाही. तीन वेळा विचारले ते, माझ्यावर तुझी प्रीती आहे काय, एवढेच. आणि तिन्ही वेळा उत्तर ऐकून त्याला काम दिले. नवे वचन त्याच्याकडून मागितलेच नाही.

यावर आपण म्हणाल की पेत्र निदान त्यानंतर तरी सुधारला. तसेही पूर्णपणे झाले नाही. गलतीकरांच्या पत्राचा 2 रा अध्याय वाचा. अंत्युखियात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून काही माणसे येताच भिऊन पंगतीतून मागे सरला, आणि त्याच्यामागे बर्णबासुद्धा ओढला गेला. पौलाला सर्वांसमोर त्याला बोलावे लागले. पेत्राची जुनी भीती पुन्हा वर आली होती, फक्त जागा बदलली होती. हे शास्त्रात झाकून ठेवलेले नाही, याचा मला फार आधार वाटतो.

देवाचा विश्वासूपणा नेमका कशावर उभा आहे, हे समजण्यासाठी मात्र मी उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायाकडे जातो. त्या काळी करार करताना जनावरे कापून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर ठेवीत आणि करार करणारा त्यांमधून चालत जाई. त्याचा अर्थ यिर्मयाच्या 34 व्या अध्यायावरून कळतो: मी हा करार मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. अब्रामाने (पुढे त्याचेच नाव अब्राहाम झाले) कालवड, बकरी आणि एडका आणून कापले, भाग मांडले, त्यांवर झडप घालणारे पक्षी हाकलले, आणि सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली. मग अंधारात एक धुमसणारी भट्टी आणि पेटती मशाल त्या भागांमधून गेली. अब्राम गेला नाही. त्याला जाण्यास सांगितलेच गेले नाही. दोघांच्या कराराची अट एकट्या देवाने आपल्या अंगावर घेतली. आता या अध्यायाच्या आजूबाजूला पाहा. 12 व्या अध्यायात अब्राम मिसरात बायकोला बहीण म्हणून सांगतो. 16 व्या अध्यायात देवाची वाट न पाहता हागारेचा मार्ग धरतो. आणि 20 व्या अध्यायात, इतके सारे पाहून झाल्यावर, अबीमलेखासमोर तीच बहिणीची थाप पुन्हा मारतो. तोच माणूस, तेच खोटे, अनेक वर्षांनी. अब्राहामाच्या पावलांवर तो करार उभा असता तर 16 व्या अध्यायातच संपला असता.

आपले चार वेळा मोडलेले वचन या प्रकाशात पाहावे, अशी माझी विनंती आहे. ते मोडले हे वाईटच झाले, पण त्याच्यावर काहीही टेकवलेले नव्हते. आपण ज्याला पाया समजत होता तो पाया नव्हताच. म्हणून तो खचल्यावर घर पडले नाही, हे पाहून आपल्याला आश्चर्य वाटते आहे.

"विश्वासूपणा" या शब्दाविषयीही थोडे सांगतो. इब्रीमध्ये त्यासाठी "एमुना" हा शब्द आहे, आणि आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो "आमेन" त्याच धातूपासून आला आहे. निर्गमच्या 17 व्या अध्यायात अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात दमून खाली येऊ लागले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहिले. तेथे "स्थिर" या अर्थी हाच शब्द आला आहे. म्हणजे तो शब्द मनातल्या भावनेपेक्षा न हलणाऱ्या हाताविषयी अधिक बोलतो. मोशेचे हात दुसऱ्यांनी धरले म्हणून स्थिर राहिले; देवाचे हात धरायला कोणी लागत नाही.

येथे एक धोका आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, हे 2 तीमथ्य 2:13 आपल्या सर्वांना पाठ असते. पण त्याच्या आधीच्या 12 व्या वचनात, आपण त्याला नाकारू तर तोही आपल्याला नाकारील, असे लिहिले आहे. ही दोन वचने शेजारी आहेत आणि एक झाकून दुसरे वाचता येत नाही. माझी समजूत अशी आहे: पडणे वेगळे आणि पाठ फिरवून निघून जाणे वेगळे. पेत्राने तोंडाने तीनदा नाकारले, पण त्याचे पाऊल पुन्हा तलावाकाठी वळले. पैसे घेऊन येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता; त्याने तीस रुपये परतसुद्धा केले; पण ते घेऊन तो मुख्य याजकांकडे गेला, येशूकडे गेला नाही. आपल्या पत्राच्या प्रत्येक ओळीत मला वळण्याची धडपड दिसते, म्हणून 12 व्या वचनाने आपण भ्यावे असे मला वाटत नाही. ज्यांना त्या वचनाची भीती वाटत नाही, त्यांच्यासाठी मी जास्त काळजी करतो.

त्याचबरोबर, विश्वासू म्हणजे शिक्षा न करणारा, असेही नव्हे. 89 व्या स्तोत्रात दावीदाच्या वंशाविषयी देव म्हणतो की त्यांनी माझे नियम मोडले तर मी त्यांना छडीने शासन करीन, पण माझी दया काढून घेणार नाही आणि माझ्या विश्वासूपणाला बट्टा लागू देणार नाही. दावीदाला नाथान संदेष्ट्याने त्याचे पाप दाखवले, त्याने ते मान्य केले, आणि त्याच संभाषणात त्याला क्षमा मिळाली. तरी त्याच्या घरातील तरवार गेली नाही. क्षमा मिळाली म्हणून परिणाम पुसले जात नाहीत. आपल्याला क्षमा मिळेल. तरुण संघाच्या पैशांची जबाबदारी लगेच परत मिळेलच असे नाही, आणि ती मिळू नये असेच माझे मत आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ओळखले नाही तर पुढच्या महिन्यात मंडळीने हिशेबाची वही दुसऱ्याकडे दिली की देवानेच टाकले असे आपल्याला वाटेल.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती मी व्यासपीठावरून दोनदाच सांगितली आहे. 1990 च्या दशकात मी साक्री तालुक्यातील एका मंडळीत होतो. वर्षाअखेरीस वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवावा लागे आणि त्यात घरभेटींचा एक रकाना असे. त्या वर्षी दिवाळीनंतर निम्मी घरे ऊसतोडीला गेल्यामुळे कुलूपबंद होती, आणि खरे सांगायचे तर जी उघडी होती तेथेही मी फारसा गेलो नव्हतो. भेटी चाळीसही झाल्या नव्हत्या. मी 112 लिहिले. मंडळीच्या यादीत 112 घरे होती, म्हणून तो आकडा मला शोभून दिसला. वार्षिक सभेत मी अहवाल वाचून दाखवला, तेव्हा मागच्या सतरंजीवरून मंडळीतील एका वयस्क वडीलधाऱ्यांनी अहिराणीत विचारले, "साहेब, आमना घर कवय उनात तुम्ही?" (आमच्या घरी कधी आलात तुम्ही?) ते पांझरा नदीच्या फडावर (पाटाच्या पाण्यावरील सामाईक शेतांवर) पाटकरी, म्हणजे पाणी वाटून देणारे, होते, कोणाच्या शेताला पाण्याची पाळी कधी आली आणि कधी चुकली, हे त्यांना वहीशिवाय पाठ असे. त्यांच्यासमोर आकडा फुगवण्याइतका मूर्खपणा दुसरा नव्हता. नोंदीत काही चूक झाली असावी, असे मी उत्तर दिले. हे दुसरे खोटे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दहाच्या सुमारास मी त्यांच्या घरी गेलो, तर ते पाण्यावर गेले होते. बांधाबांधाने चालत फडापर्यंत पोहोचलो. ते गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहून फावड्याने एका शेताचे बारे बुजवत होते आणि दुसऱ्याचे उघडत होते. बॅटरी बांधावर ठेवलेली होती आणि तिच्या उजेडात फक्त त्यांचे पाय आणि गढूळ पाणी दिसत होते. मी सारे सांगितले. पाणी नव्या शेतात नीट वळेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यादी शे ना? मंग पुरी करूत." (यादी आहे ना? मग पुरी करू.)

पुढच्या बैठकीत मी 112 वर तांबड्या शाईने रेघ मारून खरा आकडा लिहिला आणि पंचांनी खाली सह्या केल्या. अहवाल लिहिण्याचे काम दोन वर्षे माझ्याकडून काढून घेण्यात आले, आणि ते योग्यच होते. त्या वडिलांनी यादीची पाळी लावली, पाण्याची लावत तशी. संध्याकाळी ते सायकल घेऊन येत आणि आम्ही एकेका घरी जात असू. ऊसतोडीची माणसे परतल्यावर उरलेली घरे झाली. त्या सबंध काळात त्यांनी माझ्या खोट्याचा उल्लेख एकदाही केला नाही. ही आठवण फार गोड होऊ नये म्हणून हेही सांगतो की पुढे स्मशानभूमीच्या जागेच्या वादावरून त्यांचे आणि माझे वर्षभर बोलणे बंद होते. तेही माणूस आणि मीही माणूस. पण त्या रात्री मी कोणतेही वचन दिले नव्हते आणि त्यांनीही मागितले नव्हते, हे मला बऱ्याच वर्षांनी लक्षात आले. मी फक्त जे होते ते सांगितले, आणि पुढचे काम माझ्या हाती आले.

आपल्या मराठी शास्त्रात 1 योहान 1:9 मध्ये "आपली पापे पदरी घेतली तर" असे शब्द आहेत. हा वाक्प्रचार मला फार मोलाचा वाटतो. पदरी घेणे म्हणजे हे माझे आहे असे म्हणणे. त्यात रडणे, शपथ घेणे, स्वतःला शिव्या देणे येत नाही. आणि त्यानंतर देवाविषयी जे दोन शब्द येतात ते "विश्वसनीय व न्यायी" असे आहेत. दयाळू हा शब्द तेथे अपेक्षित होता. पण ख्रिस्ताने किंमत भरलेली असल्यामुळे क्षमा करणे ही देवाच्या बाजूने दिलेल्या शब्दाला जागण्याची गोष्ट झाली आहे, आणि म्हणून ती त्याच्या त्या दिवशीच्या मर्जीवर अवलंबून नाही. कोणत्या तोंडाने प्रार्थना करू, असे आपण विचारले. ज्या तोंडाला दारूचा वास येतो त्याच तोंडाने करा. फक्त तिच्यात "पुन्हा करणार नाही" हे वाक्य घालू नका. त्याऐवजी काय झाले, किती झाले आणि कोणाचे नुकसान झाले, ते नावानिशी सांगा.

मग पुन्हा प्याले तरी चालेल काय, असे कोणी विचारील. पौलाला रोममधील लोकांनी हेच विचारले असावे, कारण रोमकरांच्या 6 व्या अध्यायाची सुरुवातच त्याने या प्रश्नाने केली आहे आणि "कदापि नाही" असे उत्तर दिले आहे. माझ्या अनुभवात, देव टाकणार नाही हे ज्याला खरोखर पटले तो सैल झालेला मी क्वचित पाहिला. लपवणारा मात्र हमखास अधिक पितो, कारण लपवण्याचा ताण सहन करण्यासाठीही त्याला तीच बाटली लागते.

आता व्यवहाराचे, आणि येथे परिस्थितीचा भाग मोठा आहे. दारू प्रथम. आपण रोज पीत असाल, सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील किंवा प्यायल्याशिवाय घाम फुटत असेल, तर एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरकडे जा. बरेच दिवस रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावर बेतते. हे मला कोणी शिकवले नव्हते. एका माणसाला मी प्रार्थना करून त्याच रात्रीपासून सोडायला लावली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर साप दिसू लागले आणि आम्ही त्याला जीपमध्ये धरून सिव्हिलला नेले. तो वाचला. तेव्हापासून मी प्रार्थनेच्या आधी विचारू लागलो, "रोज किती?" औषध घेणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेची, सभा आपल्या जवळ होत असेल तर तेथेही जा. तेथे सारा भर आजच्या एका दिवसावर असतो आणि आयुष्यभराचे वचन मागत नाहीत, हे मला त्यांचे विशेष आवडते. आणि वडील गेले त्या दुःखाविषयी कोणाशी तरी बोला. आपल्या पत्रात त्यांच्याविषयी एकच ओळ आहे, आणि मला वाटते सारे तेथून सुरू झाले.

पैशांचे अधिक सरळ आहे. ते परत करायचे आहेत, आणि ते सापडण्यापूर्वी स्वतः सांगायचे आहे. गणनाच्या 5 व्या अध्यायात दुसऱ्याचे नुकसान केलेल्याने पाप कबूल करावे, पूर्ण भरपाई करावी आणि वर पाचवा हिस्सा घालावा, असा नियम आहे. आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, तेव्हा मी सक्ती करत नाही. पण तो पाचवा हिस्सा माणसाचा स्वाभिमान परत आणतो, असे मी पाहिले आहे. 18,500 चा पाचवा हिस्सा 3,700, एकूण 22,200. बारा महिने केले तर दरमहा 1,850 येतात. जिनिंगचा हंगाम संपल्यावर आपल्याला काम असते की नाही, ते मला ठाऊक नाही. नसेल तर मुदत वाढवून मागा, पण आकडा आणि तारीख कागदावर असू द्या. मुलांचा नाताळचा कार्यक्रम अडू नये म्हणून आधी काही रक्कम लागली, तर ती व्याजाने काढू नका. मेहुणा, भाऊ, जो कोणी असेल त्याला खरे कारण सांगून मागा.

सांगायचे कोणाला? साक्षीच्या वेळी उभे राहून सर्वांसमोर सांगू नका. मी अशा साक्षी पाहिल्या आहेत. त्या दिवशी सारे रडतात आणि सोमवारी ती गोष्ट पाण्याच्या टाकीपाशी निघते. आधी पाळकांना आणि संघाच्या खजिनदाराला, दोघांनाच, एकत्र सांगा. पाळकांवर आपला भरवसा नसेल तर एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याला सोबत न्या. त्यांनी समजून घेतले तर उत्तम. ते चिडले, तर त्यांचा तो हक्क आहे. आणि त्यांच्या चिडण्यावरून देव काय म्हणतो आहे याचा अंदाज बांधू नका. घरी पत्नी असेल तर तिला या सर्वांच्या आधी सांगा.

राहिले प्रभुभोजन. 1 करिंथकरांच्या 11 व्या अध्यायातील "अयोग्य प्रकारे" हे शब्द आपल्याला भिववतात, पण तो सारा भाग वाचला तर दिसते की तेथे धनवान लोक आधी जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. प्रभूच्या मेजावर भावाला तुच्छ लेखणे हा तो अयोग्य प्रकार होता. आणि 28 व्या वचनात माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, असे म्हटले आहे. परीक्षा करून घरी बसावे असे म्हटलेले नाही. पापी माणसासाठीच ते मेज मांडलेले आहे. तरी मत्तयाच्या 5 व्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ दान आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. तेव्हा माझा सल्ला असा, की रविवारपूर्वी ते दोघे भेटले आणि आपण सांगितले, तर रविवारी निःशंक भाग घ्या, मग पैसे फिटायला वर्ष लागो. भेट झाली नाही तर या वेळेस प्याला पुढे जाऊ द्या, पण उपासनेला जा, आणि मागच्या बाकावर का होईना, बसा. आपल्या मंडळीत शिस्तीचा वेगळा नियम असेल आणि पाळकांनी काही काळ थांबायला सांगितले, तर ते ऐकावे. थांबणे म्हणजे टाकून देणे नव्हे.

शनिवारी आपली पाळी किती वाजता सुटते ते पाहून त्या दोघांना संध्याकाळची वेळ विचारून ठेवा. जाताना पहिला हप्ता पाकिटात घाला, पाकिटावर रक्कम आणि तारीख लिहा, आणि पैसे दिल्यावर पावती मागून घ्या.